फॉरमॅट न मारता

कराडला माझ्या आतेभावाचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, बिलबुकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असली सगळी कामं. दुकानात एक नवा कॉम्प्युटर आहे, पण खरं काम होतं ते कोपऱ्यातल्या जुन्या लॅपटॉपवर. विंडोज ७, ३२ बिट, २ जीबी रॅम, ३२० जीबीची फिरती हार्ड डिस्क. हा लॅपटॉप कुणी हलवत नाही, कारण पानं मांडायचा पेजमेकर ७ आणि मराठी टाइप करायच्या श्रीलिपीची जुनी आवृत्ती त्याच्यावर बसलेली आहे. पेजमेकरची ही आवृत्ती २००१ सालची, त्यानंतर तो पुढे निघालाच नाही. श्रीलिपीचं यूएसबीत खोचायचं लॉक दादाच्या गल्ल्यात असतं, पण इन्स्टॉलेशनची सीडी दुकान बदलताना कुठे गेली ते देवाला ठाऊक.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फाइली तर आहेत ना, मग दुसऱ्या मशीनवर उघडा. पण हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत, नाही. श्री-देव-०७१४ सारखा फॉन्ट नसेल तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. आणि पत्रिकेचा धंदा चालतो जुन्या फाइलींवर. थोरल्याच्या लग्नात केलेली पत्रिका धाकट्याच्या लग्नात काढायची, नावं बदलायची, मुहूर्त बदलायचा, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’च्या खाली नवीन जन्मलेल्या पोरांची नावं वाढवायची. गिऱ्हाईक येऊन एवढंच सांगतं, “मागच्यासारखीच काढा.” ते मागचं सगळं त्या डिस्कवर.

तुळशीची लग्नं झाली आणि दुकानात गर्दी सुरू झाली, तेव्हा सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली होती. सी होता ५० जीबीचा. डी ड्राइव्हवर भरपूर जागा मोकळी, पण सगळी चालू कामं डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप म्हणजे सी. कामाला असलेल्या मुलानं सी वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. तिथे खालच्या बाजूला एक चौकट असते: जागा वाचवण्यासाठी हा ड्राइव्ह कॉम्प्रेस करा. त्यानं दादाला विचारलं, दादा म्हणाला कर. फुकट जागा मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? पुढचा प्रश्न आला, फक्त वरच्या फोल्डरला लावू की आतल्या सगळ्या फाइलींना? सगळ्यांना. मध्येमध्ये ‘ही फाइल वापरात आहे’ असे निरोप आले, ते सगळे इग्नोर केले. दुपारभर आणि संध्याकाळभर हिरवी पट्टी सरकत राहिली. फाइलींची नावं काळ्याची निळी झाली, थोडी जागा सुटली, काम नेहमीसारखं चाललं. रात्री मशीन बंद केलं.

सकाळी चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत दोनच ओळी: ‘बूटएमजीआर इज कॉम्प्रेस्ड. प्रेस कंट्रोल ऑल्ट डिलीट टू रीस्टार्ट.’ ते दाबलं की मशीन पुन्हा चालू होतं आणि पुन्हा त्याच दोन ओळी.

दादानं आधी लॅपटॉप रिपेअरवाल्याकडे नेला. तिथे स्क्रीनकडे एक नजर टाकून निकाल मिळाला: हार्ड डिस्क जात आलीय, विंडोज मारावी लागेल, डेटा घ्यायचा असला तर त्याचे वेगळे पैसे. दादानं मशीन काखेत मारून परत आणलं आणि मला फोन केला. मी पुण्यात एका ऑफिसात मशीनं सांभाळायचं काम करते, म्हणजे प्रिंटर अडकला की ज्या बाईला बोलावतात ती मी. त्यानं स्क्रीनचा फोटो पाठवला. मी म्हटलं, “दादा, हे काही डिस्क गेल्याचं लक्षण नाही. तू फक्त कुणाला फॉरमॅट मारू देऊ नकोस, शनिवारी येते.”

“अगं, पण रविवारी दोन पत्रिका द्यायच्यात.”

“मग शनिवारी लवकर येते.”

या तक्रारीत एक गोष्ट फार चांगली असते, ती म्हणजे मशीन स्वतःच नेमकं दुखणं सांगतं. ते सहसा कुणी वाचत नाही, कारण काळी स्क्रीन दिसली की माणसाचा धीर सुटतो.

जुन्या पद्धतीच्या बायोसवर चालणारं विंडोज ७ सुरू होतं ते असं. बायोस, म्हणजे मशीन चालू होताच आधी जागा होणारा प्रोग्रॅम, डिस्कचा पहिला सेक्टर (तुकडा) वाचतो, तो ५१२ बाइट्सचा. त्यातला प्रोग्रॅम त्याहून लहान, ४४६ बाइट्सच्या जागेत मावणारा, कारण उरलेल्या जागेत पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागांचा, तक्ता आणि शेवटची दोन बाइटची खूण असते. तो प्रोग्रॅम ‘ॲक्टिव्ह’ पार्टिशन शोधतो आणि त्या पार्टिशनच्या तोंडाशी असलेला बूट कोड, म्हणजे विंडोज सुरू करायचा प्रोग्रॅम, चालवतो. हा कोडही इवलासाच, पण त्याला एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, जुजबी वाचता येतं: रूटमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये, बूटएमजीआर नावाची फाइल शोधायची, मेमरीत घ्यायची, तिच्या हाती कारभार द्यायचा, एवढंच त्याचं काम. पुढे बूटएमजीआर बूटची यादी वाचतो, विंडोज लोड करतो.

या इवल्या कोडला दाबलेली, म्हणजे कॉम्प्रेस केलेली, फाइल उलगडता येत नाही, तेवढी जागाच नाही त्याच्यात. मात्र फाइल दाबलेली आहे हे ओळखण्याइतकी अक्कल त्याला दिलेली आहे, आणि ते सांगणारी ओळ त्याच कोडमध्ये लिहून ठेवलेली आहे. विंडोज एकदा चालू झालं की कॉम्प्रेस केलेल्या हजारो फाइली बिनबोभाट उघडतं. अडतं ते विंडोज उठायच्या आधी. कुणाला झिप उघडणाऱ्या विनझिपचंच सेटअप झिप करून पाठवावं, तसला प्रकार. विंडोज एक्सपीच्या काळी बूटएमजीआरऐवजी एनटीएलडीआर होता, आणि तेव्हाही ‘एनटीएलडीआर इज कॉम्प्रेस्ड’ म्हणून अशीच ओळ यायची.

मग सी कॉम्प्रेस केलेली सगळीच विंडोज ७ची मशीनं बंद का पडत नाहीत? रिकाम्या डिस्कवर विंडोज ७ टाकलं की ते स्वतःसाठी १०० एमबीचं एक वेगळं पार्टिशन करून घेतं, ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ नावाचं. त्याला अक्षर नसतं, त्यामुळे ते माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही आणि सी वर काहीही केलं तरी तिथला बूटएमजीआर सुरक्षित राहतो. दादाच्या मशीनवर मात्र पार्टिशनं आधीपासून पाडलेली होती आणि विंडोज त्यांतल्या पहिल्यावर टाकलेलं होतं. असं केलं की ते वेगळं पार्टिशन होत नाही, बूटएमजीआर थेट सी च्या रूटमध्ये बसतो. आपल्याकडे असेंबल करून देणारे बरेच जण सी आणि डी आधी पाडून घेत, म्हणून हा घोळ आपल्याकडे जास्त दिसला असावा असा माझा अंदाज.

शनिवारी पोचल्यावर बूटला हात लावायच्या आधी मी लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजशिवाय मशीन चालवणाऱ्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, पेनड्राइव्ह लावला, एक्सएफसीईवाला हलका. २ जीबी रॅममध्ये तो कण्हत कुंथत का होईना, चालतो. एफ १२ दाबून यूएसबीवरून बूट केलं, इन्स्टॉल न करता नुसतं चालवलं. लिनक्सला एनटीएफएसवरच्या कॉम्प्रेस केलेल्या फाइली वाचता येतात, त्यामुळे सी ड्राइव्ह उघडल्यावर डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स, फॉन्टचं फोल्डर, सगळं जिथल्या तिथे दिसलं. दादा मागे उभा होता. ‘पत्रिका’ हे फोल्डर दिसल्यावर तो पहिल्यांदा खुर्चीत बसला.

डिस्क युटिलिटीत जाऊन हार्ड डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहिली. रीॲलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर शून्य, पेंडिंग (संशयित) सेक्टर शून्य. म्हणजे ‘डिस्क जात आलीय’ हे काही खरं नव्हतं. मग बाहेरची डिस्क लावून कामाचं सगळं कॉपीला टाकलं. यूएसबी २.० वर वेळ लागतो, पण तो वेळ द्यायचाच. ज्या मशीनवर चालू कामाची दुसरी प्रत नाही, त्या मशीनवर कमांड टाइप करणं मला जमत नाही, हात थरथरतो.

कॉपी चालू असताना सीडीची शोधाशोध केली. माझ्याकडे विंडोज ७ची डीव्हीडी होती, ती ६४ बिटची. तिच्यावरून बूट होतं, ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ही येतं, पण पुढे पाटी लागते की सिस्टिम रिकव्हरीची ही आवृत्ती या विंडोजला चालणार नाही. ३२ बिटच्या विंडोजला ३२ बिटचीच डिस्क लागते. सुदैवानं समोरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे ३२ बिटचं विंडोज ७ होतं. त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये बॅकअप अँड रिस्टोअर, आणि त्यात डाव्या बाजूला ‘क्रिएट अ सिस्टिम रिपेअर डिस्क’ असतं. कोरी सीडी घातली की ते रिपेअर डिस्क करून देतं. ती साध्या सीडीत मावते, डीव्हीडीची गरज नाही. कोऱ्या सीड्या दादाकडे रगड पडल्या होत्या, लग्नाच्या फोटोंच्या काळातल्या. काका म्हणाले, “माझ्यासाठीपण एक काढ गं.” काढून दिली.

रिपेअर सीडीवरून बूट केल्यावर पहिला पर्याय स्टार्टअप रिपेअरचा. तो चालवून बघायला हरकत नसते. बराच वेळ शोधाशोध करून त्यानं सांगितलं, आपोआप दुरुस्त करता येत नाही. मग सगळ्यात खालचा पर्याय, कमांड प्रॉम्प्ट.

आता इथे एक सांगायलाच हवं. बूटची कुठलीही तक्रार असो, लोक तीन मंत्र म्हणतात: बूटरेक फिक्सएमबीआर, बूटरेक फिक्सबूट, बूटरेक रीबिल्डबीसीडी. दादाच्या त्या मुलानंही मोबाइलवर शोधून ते तिन्ही वहीत उतरवून ठेवले होते. पोरगं हुशार आहे. पण पहिल्यानं डिस्कच्या पहिल्या सेक्टरचा कोड नवा होतो, दुसऱ्यानं पार्टिशनच्या तोंडचा, तिसऱ्यानं बूटची यादी. सी च्या रूटमध्ये दाबून बसलेली फाइल यांतल्या कशानंच उलगडत नाही. नवा लिहिलेला बूट कोडही तसाच इवला, तोही तीच ओळ म्हणून दाखवणार. तेव्हा मंत्र बाजूला ठेवले.

आधी डिस्कपार्ट या कमांडमध्ये जाऊन ड्राइव्हांची यादी काढली, लिस्ट व्हॉल्यूम. सी ५० जीबी, डी २४८ जीबी, आणि सीडीचं अक्षर ई. हे बघून घ्यायचं, कारण जिथे वेगळं सिस्टिम पार्टिशन असतं तिथे रिकव्हरीमध्ये अक्षरं सरकतात, नेहमीच्या ‘सी’चा ‘डी’ होऊन बसतो आणि कमांड भलत्याच ड्राइव्हवर चालते. इथे सरकलेली नव्हती.

बूटएमजीआर ही लपवलेली, सिस्टिमची आणि रीड ओन्ली फाइल. म्हणून आधी ॲट्रिब कमांडनं ते तिन्ही शिक्के काढले: वजा आर, वजा एस, वजा एच. मग तिचं नाव बदलून बूटएमजीआर.ओल्ड केलं आणि रिपेअर सीडीच्या रूटमध्ये असलेला बूटएमजीआर सी वर कॉपी केला. फाइल जेमतेम पावणेचारशे केबीची, क्षणात झाली. पुष्कळ ठिकाणी एवढाच उपाय सांगितलेला असतो: खराब फाइल काढा, चांगली ठेवा, रीस्टार्ट करा. रीस्टार्ट केलं तर पुन्हा ‘बूटएमजीआर इज कॉम्प्रेस्ड’.

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. “नवीन टाकली ना आता? मग?”

नवीन टाकली, पण ती कुठे टाकली ते महत्त्वाचं. सबंध ड्राइव्ह कॉम्प्रेस करताना रूट फोल्डरवरही कॉम्प्रेशनची खूण लागते, आणि अशा फोल्डरमध्ये जी नवी फाइल तयार होते ती जन्मतःच कॉम्प्रेस्ड असते. सीडीवरची फाइल सुटी होती, सी मध्ये पाय ठेवताच दाबली गेली. पुन्हा प्रॉम्प्टवर जाऊन हार्ड डिस्कवरच्या विंडोजमधल्या सिस्टिम३२ फोल्डरातली कॉम्पॅक्ट कमांड नुसती त्या फाइलीवर चालवली, तर आकड्यांच्या ओळीत नावाच्या आधी एक एकटं ‘सी’ अक्षर. ते सी ड्राइव्हचं नव्हे, कॉम्प्रेस्डचं. दादाला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं.

मग खरी कमांड: कॉम्पॅक्ट, स्पेस, स्लॅश यू, स्पेस, सी कोलन बॅकस्लॅश बूटएमजीआर. यू म्हणजे अनकॉम्प्रेस. फाइलीवर लपवल्याचा किंवा सिस्टिमचा शिक्का असेल तर कॉम्पॅक्ट तिला वगळून पुढे जातं, म्हणून आधी ॲट्रिब लागतं, नाहीतर कमांडला स्लॅश ए जोडावा लागतो. यात लोक फार अडकतात, कारण कमांड चूक दाखवत नाही, फक्त ‘० फाइली’ म्हणते. इथे ओके आलं आणि खाली एक फाइल अनकॉम्प्रेस झाल्याचं आलं. पुन्हा नुसतं कॉम्पॅक्ट चालवून बघितलं, ते एकटं अक्षर गेलेलं. ॲट्रिबचे तिन्ही शिक्के परत मारले, सीडी काढली, रीस्टार्ट.

विंडोजचे चार रंगाचे ठिपके गोल गोल येऊन खिडकी झाली, तेव्हा मुलगा म्हणाला, “ताई, एवढ्या एका फाइलीसाठी?” एवढ्या एका फाइलीसाठीच. बाकीच्या सगळ्या दाबलेल्या फाइलींनी काही त्रास दिलेला नव्हता.

लॉक लावून श्रीलिपी उघडलं, पेजमेकर उघडला, रविवारच्या पत्रिका उघडल्या. काम सुरू झालं आणि मी मागून साफसफाईला लागले. दादाचा पहिला प्रश्न होता, मग ती चौकट आता परत काढून टाकायची का? काढायची, पण लगेच नाही. सगळं उलगडायला जागा लागते, आणि जागा नव्हती म्हणून तर सगळं घडलं. आधी पॉवरसीएफजी कमांडनं हायबरनेशन, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन झोपवायची सोय, बंद केलं. लॅपटॉप कायम प्लगवर असतो, त्याला हायबरनेटचं काय काम? त्यानं रॅमच्या पाऊणपट, म्हणजे दीड जीबी सुटले. डिस्क क्लीनअपनं टेंपररी कचरा गेला. मग डेस्कटॉपवरचे फोटोंचे गठ्ठे डी वर हलवले.

गंमत अशी की कॉम्प्रेशननं या फोटोंची जवळजवळ काहीच जागा वाचली नव्हती. जेपीजी आधीच दाबलेली असते, तिला आणखी दाबून रस निघत नाही. एनटीएफएस फाइलीचे ६४ केबीचे तुकडे करून एकेक तुकडा दाबून बघतं, आणि त्या तुकड्यात निदान एक ४ केबीचा क्लस्टर (डिस्कवरचा कप्पा) वाचला तरच दाबलेलं ठेवतं. फोटोंत तो वाचत नाही. टिफ, बीएमपी, मजकूर यांत मात्र वाचतो, म्हणून दादाची जुनी स्कॅन केलेली बोधचिन्हं आणि बॉर्डरी छान आक्रसल्या होत्या. उलट विंडोजचं फोल्डर आणि प्रोग्रॅम फाइल्स दाबले गेल्यानं प्रत्येक वेळी उलगडायचं काम त्या म्हाताऱ्या प्रोसेसरवर आलं होतं, आणि पेजमेकर उघडताना ते जाणवत होतं.

म्हणून जागा झाल्यावर विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स ही दोन फोल्डरं आधी उलगडली. रूटच्या प्रॉपर्टीजमधली टिक काढली, पण विचारल्यावर ‘फक्त याच फोल्डरला’ म्हटलं, म्हणजे यापुढे सी वर थेट ठेवलेली नवी फाइल आपोआप दाबली जाणार नाही आणि जुन्यांना धक्का लागणार नाही. मुलाला एवढंच सांगितलं की कॉम्प्रेस करायची हौस असली तर डी वरच्या एखाद्या जुन्या फोल्डरवर कर, ड्राइव्हच्या अक्षरावर राइट क्लिक करून नको.

नव्या लॅपटॉपवाल्यांना ही विशिष्ट तक्रार येत नाही. तिथे बायोसच्या जागी यूईएफआय असतं, बूटच्या फाइली वेगळ्या छोट्या पार्टिशनवर असतात, आणि ते असतं फॅट३२ या दुसऱ्या पद्धतीचं, ज्यात एनटीएफएसचं कॉम्प्रेशनच नाही. विंडोज १०ला तर स्वतःच्या सिस्टिम फाइली दाबून ठेवायची स्वतःची सोय आहे, कॉम्पॅक्ट ओएस नावाची. ती वापरली की बूट अडत नाही, कारण काय दाबायचं आणि काय नाही हे ती स्वतः ठरवते.

दादाच्या मशीनचं इंटरनेट आम्ही काढून टाकलं. विंडोज ७चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, आणि पत्रिका टाइप करायला इंटरनेट लागत नाही. फाइल पेनड्राइव्हनं नव्या कॉम्प्युटरवर न्यायची, तिथून पीडीएफ गिऱ्हाइकाला पाठवायची. बाहेरच्या डिस्कवर दर शनिवारी कामं कॉपी करायचं मुलानं अंगावर घेतलंय.

आता दादाला त्यात एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकायची आहे. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करून घेऊ म्हटलं, म्हणजे श्रीलिपी पुन्हा इन्स्टॉल करायची वेळ येणार नाही. त्या वेळी सी ला निदान १०० जीबी द्यायचे ठरलं आहे. बूटएमजीआर.ओल्ड अजून सी च्या रूटमध्येच आहे, निळ्या नावाची. ती क्लोन झाल्यावर उडवेन.